वह्या-दप्तरं पुष्कळ झाली, शाळेच्या रिक्षाचे पैसे कोण भरणार? (पुणे, विशेष आणि गरजू मुलांची शाळा)

मुठेकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जून जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, गरजू मुलांना शालेय साहित्य द्यायचंय, घरटी पाचशे काढा. पैसे पटापट जमतात, कोणीतरी अप्पा बळवंत चौकातून घाऊक भावात वह्या उचलतं, वस्तीतल्या शाळेत वाटप होतं आणि संध्याकाळी फोटो येतात. त्यात वाईट काहीच नाही, मीही दरवर्षी देते. पण मी आणि माझ्या दोन मैत्रिणी सिंहगड रोडच्या मागच्या वस्त्यांमधे जायला लागलो, शाळेत नाव आहे पण मूल घरी आहे अशी घरं शोधायला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे, पाय अजिबात साथ देत नाहीत पण बोलते चुरूचुरू आणि आकडेमोड आपल्यापेक्षा फास्ट. महापालिकेच्या शाळेत नाव आहे. पहिली-दुसरीत आई कडेवर घेऊन जायची, मग मुलगी वाढली, आईची कंबर गेली आणि शाळा सुटली. आई चार घरची धुणीभांडी करते, सकाळी साडेसातला पहिलं काम, शाळा पण त्याच वेळेला. घरी व्हीलचेअर आहे बरं का, कुठल्यातरी शिबिरात मिळालेली, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची, पोरीचे पाय खालच्या पट्टीला टेकतच नाहीत आणि वस्तीतली गल्ली इतकी अरुंद की गटारावरच्या फरश्यांवरून ती खुर्ची बाहेर निघत नाही. तिच्यावर सध्या पाण्याचे कॅन ठेवलेले असतात.

ह्या घरात आतापर्यंत तीन दप्तरं आलीत. तिन्ही चांगली आहेत, खिळ्याला टांगलेली.

शेवटी काय उपयोगी पडलं तर एक रिक्षावाले काका. ते गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावतात, आत येतात, पोरीला उचलून नेतात, शाळेत वर्गातल्या बाकावर बसवून येतात आणि दुपारी परत आणतात. महिन्याला साडेतीन हजार. फी शून्य, पुस्तकं सरकारची, गणवेश सरकारचा, जेवण शाळेत, आणि तरी साडेतीन हजारांवाचून मूल घरी बसलेलं होतं.

तर मला इथल्या लोकांकडून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे अशा मुलांसाठी नक्की कुठे पैसे लावले तर मूल शाळेत टिकतं हे अनुभवी लोकांनी सांगा, आणि दुसरं म्हणजे सरकारी योजनांमधून काय काय मिळतं आणि ते मिळवायला कुठे जायचं तेही सांगा. संस्थांची जाहिरात नको, पण खरोखर माहिती असेल तर नाव घ्यायला हरकत नाही.

---

हिरवा_चाफा

फार गरजेचा धागा. वाचतेय. आमचा पण ग्रुप आहे, दरवर्षी ह्याच सुमारास पैसे जमतात, ह्या वेळी वेगळं काही करता आलं तर करायचंय.

---

फळा_आणि_खडू

मी विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं झाली ह्या क्षेत्रात, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

ताई, तुम्ही रिक्षाचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे शाळेतली मावशी. चालता न येणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीत बाथरूमला कोण नेणार? बाई एकटी, वर्गात चाळीस पोरं. मग होतं काय तर ह्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी स्वतः बघितलंय, उन्हाळ्यात ओठ सुकलेले, विचारलं तर म्हणे तहान नाही लागत. लघवीचा त्रास सुरू झाला की डॉक्टर, मग गैरहजेरी, मग शाळा बंद. तेव्हा एका शाळेत चार-पाच मुलं अशी असतील तर तिथल्याच एखाद्या बाईंना महिन्याचे पैसे ठरवून मदतनीस म्हणून ठेवा, त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आणि मुलींसाठी बाईच हवी, ह्याच्यात तडजोड नको.

दुसरं, साधनं. व्हीलचेअर ही चपलेसारखी मापाची असते. मुलाची मांडी, पाठ, पाय मोजून घ्यावी लागते आणि मूल वाढलं की बदलावी लागते. कॅलिपरचं, म्हणजे पायाला आधार द्यायला बांधतात त्या पट्ट्या-सळ्यांचं तेच, वाढत्या वयात साधारण वर्षभरात आखूड पडतात, मग ते टोचतात, मग मूल घालत नाही, आणि आई म्हणते दिलंय तर घालत नाही हा. श्रवणयंत्राचं तर विचारूच नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र फुकट मिळतं, छान आहे, पण त्याचा सेल आठवडा-पंधरवड्यात संपतो, आणि लहान मुलाचा कान वाढतो त्यामुळे कानातला साचा दर काही महिन्यांनी नवीन करावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं, वर्गातली पोरं हसतात, मूल यंत्र काढून खिशात ठेवतं. पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बंद पडतं ते वेगळंच. हजारो रुपयांचं यंत्र सेल आणि साचा नाही म्हणून डब्यात पडलेलं मी कितीतरी घरांत बघितलंय. कोणाला द्यायचंच असेल तर एका मुलाचे वर्षभराचे सेल, दोन साचे आणि दुरुस्ती एवढं घ्या अंगावर.

आता योजना. समग्र शिक्षा ह्या सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेमधे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद असते, आणि विशेष गरजा असलेल्या मुलींना महिना २०० प्रमाणे दहा महिने भत्ता असतो. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, अंध मुलांना वाचक भत्ता हे सगळं ह्याच्यातच येतं. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मुलाची नोंद व्हायला हवी आणि गट साधन केंद्रात किंवा शहर साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात त्यांना भेटायचं. मूल यूडायसमधे (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंदलेलंच नसेल तर पुढचं काही होत नाही, हे आधी तपासा. बऱ्याच ठिकाणी तिथेच अडतं.

---

कॅनॉल_रोड

ताईंनो, मनापासून कौतुक आहे पण एक शंका आहे, जरा स्पष्टच विचारतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या कलम १६ मधे शाळेने मुलाला आणि जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या मदतनीसाला वाहतुकीची सोय करायची असं लिहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे हा मुलीचा हक्क आहे. आपण वर्गणी काढून रिक्षा भरत बसलो तर महापालिका म्हणणार चाललंय ना, चालू दे. दानधर्माने हक्काची धार बोथट होते असं मला वाटतं.

---

मुठेकाठी (धागाकर्ती)

@कॅनॉल_रोड, दादा शंका रास्त आहे आणि आमच्यात पण ह्यावर वाद झालेत. पण अर्ज करून भत्ता मंजूर होऊन खात्यात पैसे येईपर्यंत एक शैक्षणिक वर्ष निघून जातं, आणि नऊ वर्षांच्या मुलीचं एक वर्ष म्हणजे काय ते तिला बघितलं की कळतं. आणि भत्ता आला तरी वर्षाचे ३५०० आणि रिक्षा महिन्याची साडेतीन हजार, हिशोब जुळतच नाही. म्हणून आम्ही असं ठरवलंय की ज्या दिवशी रिक्षा लावायची त्याच दिवशी अर्ज पण टाकायचा, पोच घ्यायची आणि त्याच्या मागे लागायचं. पैसे देणं आणि भांडणं दोन्ही एकाच हाताने. ज्या गटाला अर्जाचं काम नको असेल त्यांनी निदान ते करणाऱ्याच्या सोबत जावं, साहेबांच्या टेबलासमोर चार सुशिक्षित माणसं उभी असली की फाईल हलते, हे वाईट आहे पण आहे.

---

कॅनॉल_रोड

हे पटलं. अर्ज, माहिती अधिकार, पाठपुरावा ह्यात मला घ्या, मी रिटायर्ड आहे आणि सरकारी भाषा समजते. अजून एक, स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. महापालिकेचा समाज विकास विभाग दरवर्षी योजनांचे अर्ज मागवतो, त्या तारखा चुकवू नका. आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, बाकीच्या जिल्ह्यातल्या लोकांना प्रवास करून यावं लागतं, आपल्याला ते दाराशी आहे तर वापरा.

---

चिमणीची_आई

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी बौद्धिक अक्षम आहे, आता तेरा वर्षांची. 

लोक पहिला प्रश्न विचारतात की साध्या शाळेत का नाही घालत किंवा विशेष शाळेत का नाही घालत, ज्यांनी कधी एक दिवस काढला नाही अशा मुलाबरोबर ते पण विचारतात. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ मधे स्पष्ट आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. म्हणजे शिक्षण हक्क कायद्यासारखा १४ ला संपत नाही, १८ पर्यंत. आम्ही आधी साध्या शाळेत घातलं होतं, खासगी. दोन वर्षं तिला मागच्या बाकावर चित्रं रंगवायला बसवलं आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी निरोप आला की आणू नका, गोंधळ होईल. त्या दिवशी तिने नवा फ्रॉक घातलेला होता. आता विशेष शाळेत आहे, स्वतःचा डबा स्वतः भरते, पैसे ओळखते, आणि मुख्य म्हणजे सकाळी शाळेला जायचं म्हणून स्वतःहून उठते. पण माझ्या जावेचा मुलगा अंध आहे, तो साध्या शाळेत मस्त शिकतोय. तेव्हा देणगीदारांनी कृपा करून हे ठरवू नये की मूल कुठे शिकणार. तुम्ही पाठीशी उभे राहा, शाळा आम्हाला निवडू द्या.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांबद्दल पण सांगते, त्या कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित घटकात आली, त्यामुळे खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मुलाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. हे वस्तीत कोणालाच माहीत नसतं, तहसीलदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे मारत बसतात आणि तोवर ऑनलाईन अर्जाची मुदत संपते. दुर्बल घटकातून, म्हणजे कमी उत्पन्न म्हणून अर्ज असेल तर मात्र लाखाच्या आतला दाखला हवाच. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना ह्यातून सूट दिली होती, ती जुलैत हायकोर्टाने रद्द केली, त्यामुळे अजून कोणी तुम्हाला तसं सांगून परत पाठवत असेल तर ऐकू नका.

आणि हो, पंचवीस टक्क्यातला प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीला पूर्ण फी. चौदा वर्षांचं पोर, मित्र तिथेच, आणि एकदम शाळा बदला. कोणाला मोठी रक्कम द्यायची असेल तर नववी-दहावीच्या मुलांची दोन वर्षांची फी भरा.

---

पानशेतचा_वारा

चिमणीची_आई, फ्रॉकचं वाचून पोटात कालवलं. तुम्हाला आणि तुमच्या लेकीला खूप शुभेच्छा.

---

जमाखर्च

मी सीए आहे, पैशाच्या बाजूचं थोडं लिहितो कारण दरवर्षी मार्चमधे हेच प्रश्न येतात.

संस्थेला देणगी देत असाल तर ८०जी (देणगीवर आयकरात वजावट देणारं १९६१ च्या कायद्यातलं कलम) आहे का विचारा. साधारण संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. २००० च्या वर रोख दिलीत तर वजावट नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. नुसत्या पावतीवर भागत नाही, आता संस्थेने १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मागा. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी विसराच. मूळ धाग्यातल्यासारखे रिक्षावाल्या काकांना किंवा आईच्या खात्यात थेट पैसे दिलेत तरीही वजावट नाही. माझं मत विचाराल तर वजावट नाही म्हणून देणं थांबवू नका, पण गटाने देणार असाल तर एक साधी वही ठेवा, कोणी किती दिले, कशाला गेले, आणि दर महिन्याला ती ग्रुपवर टाका. पैशांवरून मनं दुखावली की मुलांचं काम बंद पडतं.

पालकांसाठी, दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना जुन्या प्रणालीत ८०डीडी खाली ७५,००० ची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. आणि महाराष्ट्रात दिव्यांग मुलाच्या पालकांना व्यवसाय कर माफ आहे. कंपनीत प्रमाणपत्र दिलं की तो कापायचं थांबवतात. कित्येक कामगार पालकांना हे माहीत नाही आणि वर्षानुवर्षं कापला जातोय.

---

बांधकाम_साईट

थोडं अवांतर वाटेल पण तोच विषय आहे. दिव्यांग मुलांबरोबर साईटवरच्या मुलांचा विचार व्हावा. वाघोली, हिंजवडी, मोशी सगळीकडे टॉवर उभे राहतायत आणि तिथे काम करणाऱ्यांची पोरं पत्र्याच्या खोल्यांमधे धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली असतात. काम संपलं की कुटुंब दुसऱ्या साईटवर, म्हणजे शाळा परत बदलली. रजनी परांजपे ह्यांच्या डोअर स्टेप स्कूलने पुण्यात ह्यावर खूप वर्षं काम केलंय, साईटवरच वर्ग घेणं, बालवाडी चालवणं, आणि मुलांना जवळच्या महापालिकेच्या शाळेपर्यंत गाडीने पोचवणं. म्हणजे इथे पण गाडीच! शाळा दोन किलोमीटरवर आणि मधे हायवे, सहा वर्षांचं पोर एकटं कसं जाईल.

तसंच कचरावेचकांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची, त्यात कचरावेचकांचा समावेश व्हावा म्हणून कचरावेचकांच्या संघटनेने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने पाठपुरावा केला होता. तुमच्या सोसायटीत रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा की पोरांचा अर्ज भरला का. एवढं विचारायला पैसे लागत नाहीत.

---

सहा_ठिपके

मी अंध आहे, स्क्रीन रीडरवरून हा धागा ऐकतोय, लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

पैशाबरोबर माणसं पण लागतात हे कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. माझं दहावीचं वर्ष लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते पेपरात लिहिणारा माणूस, शोधण्यात गेलं. लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, आणि मार्चमधे कोणाचे आईवडील आपल्या नववीतल्या मुलाला दुसऱ्याच्या पेपरला पाठवतील? एक मुलगा कबूल झाला आणि पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या घरून नाही म्हणून फोन आला. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला पाठवलं, ती पोरगी सगळे पेपर माझ्याबरोबर बसली, भूमितीचे शब्द तिला नीट येत नव्हते म्हणून आम्ही आधी आठवडाभर रोज संध्याकाळी बसून सराव केला. मी पास झालो त्यात तिचा वाटा आहे.

पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ पासून आहे, मुलींची कोथरूडला आहे. शाळा संपल्यावर कॉलेजचं काय हा प्रश्न येतो तिथे मीरा बडवे ह्यांची निवांत ही संस्था विश्रांतवाडीला काम करते, ब्रेल पुस्तकं, संगणक, अभ्यासाला आधार. अशा ठिकाणी जाऊन विचारा की वाचक हवेत का, लेखनिक हवेत का. ज्यांच्या घरात आठवी-नववीतली मुलं आहेत त्यांनी आत्ताच नाव देऊन ठेवा, फेब्रुवारीत नको. जादा वेळ मिळतो, तासाला वीस मिनिटं, म्हणजे लेखनिकाने चार तास बसायची तयारी ठेवायची.

आणि एक विनंती. वाढदिवसाला शाळेत जेवण देता ना, द्या, पण आम्हाला रांगेत उभं करून हॅपी बर्थडे म्हणायला लावू नका. आम्ही गायचो, पण आम्हाला कळायचं.

---

हिरवा_चाफा

@सहा_ठिपके, माझा मुलगा नववीत आहे, त्याला आत्ताच विचारलं, तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय तुम्हाला. वाढदिवसाचं लक्षात ठेवीन आणि ग्रुपवर पण सांगेन.

---

फळा_आणि_खडू

प्रमाणपत्राचं राहिलं होतं. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असल्याशिवाय कुठलीच योजना चालत नाही. अर्ज ऑनलाईन स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि मग तपासणीला ससून रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात. लहान मुलांना कधीकधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत बघून ठेवा, ऐन प्रवेशाच्या वेळी संपलेलं निघतं. तपासणीच्या दिवशी आईची मजुरी बुडते, पोराला उन्हात घेऊन रांगेत थांबायचं, त्यामुळे त्या दिवसाची मजुरी आणि रिक्षा कोणी दिली आणि सोबत एक माणूस गेलं तर ते काम एका फेरीत होतं, नाहीतर महिनोन् महिने राहतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीसाठी पण वापरता येते. ती पण काढून घ्या त्याच ओघात.

---

मुठेकाठी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गटात बोलणं झालंय. ह्या जूनला वह्या घेतोय पण थोड्याच, ज्या शाळेने यादी दिलीय तेवढ्याच. उरलेल्या पैशांतून तीन मुलांची रिक्षा, एका शाळेत मदतनीस मावशी आणि दोन मुलांचे श्रवणयंत्राचे सेल-साचे, असं निदान तीन वर्षांसाठी घेतोय, मधे सोडायचं नाही असं प्रत्येकाकडून कबूल करून घेतलंय. कॅनॉल_रोड दादा अर्जांचं बघतायत. फोटो काढायचे नाहीत हेही ठरलं.

आता अडचण अशी की तीनपैकी एका मुलाला रिक्षा मिळत नाहीये. वारजे माळवाडीच्या बाजूला सकाळच्या शिफ्टला, मुलाला उचलून नेणारे कोणी काका माहीत आहेत का? दोघं आले, बघून गेले, हो म्हणाले आणि परत फिरकले नाहीत.

---

तीनचाकी

माझे वडील रिक्षा चालवतात, शाळेची मुलं नेतात, त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात उचलायला ना नाही, पण लोक दहा महिन्यांचे पैसे देतात आणि मे महिन्यात आणि दिवाळीत बंद करतात. रिक्षावाल्याचा हप्ता मे मधे थांबत नाही. मग तो सुट्टीत दुसरी भाडी धरतो आणि जूनला परत येत नाही, तुमचं पोर परत घरी. बारा महिन्यांचे ठरवा, थोडे कमी दिले तरी चालतील पण बारा महिन्यांचे, आणि पोराची आई पहिले दोन-तीन दिवस रिक्षात सोबत असू द्या म्हणजे कसं धरायचं, पाय कुठे ठेवायचे ते शिकता येतं, चुकीचं धरलं तर पोराला दुखतं आणि काकाला भीती बसते. मला वाटतं ते दोघं त्यामुळेच आले नसतील.

वडील कर्वेनगरचे आहेत, वारजे लांब नाही. सकाळची एक फेरी त्यांची आहे ती सव्वासातला संपते. शाळेची वेळ किती आहे ते कळवा.